उडी डाव्या तर्जनीवर

ती. अक्का यांना दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात मोकळे आहेत. कंट्रोलर समोर टेबलावर पालथा ठेवला आहे, त्यामुळे हे पत्र वाचताना तुम्हाला माझ्यापासून कसलाही धोका नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कटकन वाजतो म्हणत होतात, तो अजून वाजतो का? साडूभाऊंचा खोकला थांबला असावा. परवा फोनवर ते खोकत नव्हते, पण परवा ते खोटंही बोलत होते, त्यामुळे नक्की काही सांगता येत नाही. मी विचारलं, अक्का आहेत का, तर म्हणाले, बाहेर गेलीय, आणि मागून तुमचा आवाज स्पष्ट आला, "आठवडाभर येणार नाही म्हणावं." इकडे माझी तब्येत बरी आहे. जेवण वेळेवर होतं. झोप लागते. ही गेल्यापासून सगळे हेच दोन प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं आधीच लिहून टाकली.

आता मुद्द्यावर येतो. रविवारी दुपारी, टीव्हीवरच्या त्या खेळात, मी तुमच्या बाईला पाठीमागून पिशवीचा फटका मारून दरीत पाडलं. ती परत वर आली, तेव्हा पुन्हा पाडलं. हे नाकारण्यात अर्थ नाही, दोघांच्याही टीव्हीवर दिसलं. पण त्यावर तुम्ही जे म्हणालात ("जावईबापू, लग्नापासून मनात होतं ना हे?") आणि फोन आपटलात, ते मला लागलं. लग्नापासून माझ्या मनात तुमच्याविषयी आदरच आहे. मधे एकदा आम्ही परगावी गेलो असताना तुम्ही आमच्या स्वयंपाकघरातली सगळी कपाटं नीट लावून ठेवलीत आणि पुढे कितीतरी दिवस चहाची गाळणी सापडेना, तेव्हा थोडं काही मनात आलं होतं. पण ते दरीपर्यंत गेलं नव्हतं. यापुढे खेळ बंद, असं तुम्ही साडूभाऊंकरवी कळवलंत. ठीक आहे. पण बंद करण्यापूर्वी घडलं काय ते ऐकून घ्या. फोनवर मला नीट सांगता आलं नसतं. (ही मला म्हणायची, तुम्ही फोन उचललात की पलीकडच्याला वाटतं लाइन गेली.) म्हणून लिहितो आहे.

मुळात मी या खेळात आलोच कसा, ते आठवून पाहा. तुम्ही दोघी बहिणी दर रविवारी चार वाजता आपापल्या घरी, कानाला फोन लावून हा खेळ खेळायचात. तुमची ती उंच बाई कंदील घेऊन पुढे, हिची लाल टोपीची बाई पाठीला पिशवी अडकवून मागे, आणि दोघी मिळून त्या डोंगरातून कुठे चालल्या होत्या ते मला कधीच कळलं नाही. मी शेजारच्या खुर्चीत पेपर वाचायचो. एवढाच माझा सहभाग. मग ही गेली, आणि नंतरच्या एका रविवारी चार वाजता तुमचा फोन आला. तुमचा आवाज बसला होता. तुम्ही म्हणालात, "एका दगडी दारापाशी आम्ही थांबलो होतो. दोन फरशांवर दोघींनी उभं राहिल्याशिवाय ते उघडत नाही. तिला फक्त त्या फरशीवर आणून उभी करा. दोन पावलं टाकायची आहेत, दुसरं काही नाही."

मी दोन पावलांना हो म्हटलं. दार उघडलं. दारामागे पूल होता, तो दोघांनी दोन बाजूंनी साखळी ओढल्याशिवाय खाली येत नव्हता. पुलापलीकडे पाणचक्की, तिचं चाक फिरवायला दोघं. चक्कीमागे नदी, नावेला वल्हवायला दोघं. हा खेळ ज्यांनी कोणी बनवला, त्यांना एकट्या माणसाचं काय वावडं आहे कळत नाही. एकेक करत मी इतका आत आलो की आता परत दारापर्यंत जायचं म्हटलं तरी तुमची सोबत लागेल.

अक्का, माझी सगळी नोकरी लिफ्टच्या तपासणीत गेली हे तुम्हाला ठाऊक आहे. बटण या वस्तूबद्दल माझी काही मतं आहेत. लिफ्टमध्ये चारचं बटण दाबलं की चौथा मजला येतो. मालकाने दाबलं तरी चौथा, दूधवाल्याने दाबलं तरी चौथा, रागाने दाबलं तरी चौथाच. गडबड होते ती फक्त दार उघडायच्या आणि मिटायच्या बटणांत; दोन्हींवर बाण, आणि कोणी धावत येताना दिसलं की आतला भला माणूस नेमका मिटायचा बाण दाबतो आणि बाहेरचा जन्मभर त्याला माणूसघाणा समजतो. यावर मी वरिष्ठांना वेळोवेळी लिहिलं आहे. पण हा कंट्रोलर म्हणजे सगळीच्या सगळी बटणं त्या बाणांसारखी. अंगठ्याने फिरवायच्या दोन बुटक्या दांड्या, डावी चालायची, उजवी इकडेतिकडे बघायची. डाव्या अंगठ्यापाशी फुलीसारखं एक बटण. उजव्या अंगठ्यापाशी चार बटणं, त्यांवर काहीतरी खुणा. त्या खुणांचा कामाशी संबंध नाही. मधे दोन बारीक बटणं. आणि मागच्या बाजूला, जिथे डोळ्यांना दिसतच नाही अशा जागी, आणखी चार, बोटांसाठी. कुठलं बटण काय करील हे खेळात जाऊन आपल्याला हवं तसं बदलता येतं. लिफ्टमध्ये असं करू दिलं तर लोक एकमेकांच्या घरात उतरतील.

आणि हिने सगळं बदलून ठेवलं होतं. पहिल्या दिवशी मी डब्यातल्या पुस्तिकेत पाहून उजवीकडचं खालचं बटण दाबलं, उडी मारण्यासाठी. लाल टोपीच्या बाईने पिशवी उघडली. पुन्हा दाबलं, बंद केली. तुम्ही पलीकडून विचारत होतात, "काही हरवलंय का तिचं?" मग मी एकेक करून बटणं दाबत गेलो, आणि डाव्या तर्जनीखाली, मागच्या बाजूला, उडी सापडली. ती सापडली तेव्हा मी नदीच्या काठावर होतो, त्यामुळे पुढचं तुम्ही पाहिलंच.

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन मी विचारलं, की हे बिघडलं आहे का. दुकानदार माझ्या निम्म्या वयाचा असेल. म्हणाला, "काका, बिघडलं नाही, कोणीतरी मुद्दाम केलंय. जगात सगळे उजव्या अंगठ्याने उडी मारतात." जगाविषयी इतक्या खात्रीने बोलणारी माणसं मला आवडत नाहीत, म्हणून मी घरी आलो आणि तसाच शिकलो. शिकायला फार वेळ गेला. त्या काळात मी भिंतींना किती धडकलो, किती वेळा पाण्यात गेलो आणि एकदा एका बकरीच्या मागे तासभर कसा फिरत राहिलो, ते तुम्ही फोन कानाला धरूनच शेजारी बसलेल्या साडूभाऊंना सामन्याच्या समालोचनासारखं सांगत होतात. ("आता भिंतीशी बोलतायत. भिंत काही ऐकत नाही वाटतं.")

पण शिकल्यावर एक गोष्ट लक्षात आली, ती तुम्हाला सांगायची राहिली. मूळ मांडणीत उजव्या अंगठ्याकडे फार कामं आहेत. बघायची दांडी त्याच्याकडे, उडी त्याच्याकडे, फटका त्याच्याकडे, पिशवी त्याच्याकडे. डाव्या हाताची बोटं मागे नुसती टेकून बसलेली. (आमच्या ऑफिसची आठवण झाली.) म्हणजे उडी मारायची तर अंगठा बघण्यावरून उचलावा लागतो. हवेत असताना बघता येत नाही. जिकडे तोंड असेल तिकडे जायचं आणि खाली काय आहे ते पडल्यावर कळायचं. मूळ मांडणीने खेळणारी माणसं त्यामुळे दोन प्रकारची होतात. एक, थांबून, सगळं बघून, मग बघणं सोडून उडी मारणारी. आणि दुसरी, न बघताच धावत सुटणारी. तुमचा प्रकार मी लिहीत नाही.

हिने उडी डाव्या बोटावर नेली, म्हणजे उजवा अंगठा बघायला मोकळा. उडी मारता मारता ही खाली बघत असे, मागे बघत असे, हवेतच दिशा बदलत असे. मी पेपरच्या वरून कितीदा पाहिलंय, तेव्हा वाटायचं की हा खेळच तसा सावकाश आहे. खेळ सावकाश नव्हता. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक घेऊन, हिने लोकांना एकच गोष्ट शिकवली, की आधी आरसा, मग बाकीचं. (हिची सर्वांत पहिली विद्यार्थिनी तुम्ही. त्या गाडीचा मागचा दिवा आणि तो फाटकाचा खांब यांविषयी आपल्या घरात आजवर कोणी बोललेलं नाही, मीही बोलत नाही.) धावायचं बटण हिने चालायची दांडी जोरात दाबण्यावर ठेवलं होतं, ती दांडी घट्ट, अंगठा दुखतो, म्हणून उगाच कोणी धावत नाही. आणि फटका मारायचं काम मधल्या बारीक बटणावर. ते शोधायला अंगठा उचलून खाली बघावं लागतं. तेवढ्यात राग निवतो, आणि ज्याला मारायचं तोही निघून जातो. मी हिच्या मांडणीने इतके दिवस खेळलो, एकदाही कोणाला मारलं नाही. मारावंसं वाटलं नाही असं नाही. त्या बकरीच्या वेळी वाटलं होतं.

फटक्याच्या मूळ जागी, म्हणजे उजव्या अंगठ्याच्या डावीकडच्या बटणावर, हिने काय ठेवलं होतं? हात दाखवणं. दर रविवारी खेळ सुरू झाला की हिची बाई तुमच्या बाईला हात दाखवायची. ते बटण सगळ्यात हाताशी. मीही तीच रीत चालू ठेवली. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ याच बटणाचा आहे.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही पहिल्यापासून माझ्यामागे लागला होतात, की ही उलटीसुलटी मांडणी मोडून टाका. "धाकटी लहानपणापासून सगळं उलटं करायची. कंगवासुद्धा डाव्या हाताने. मूळचं आहे तसं करा आणि माणसासारखे खेळा, मला तुमची वाट बघत किती वेळ कंदील धरून उभं राहायचं?" असं दर रविवारी. मी दर रविवारी बघतो म्हणायचो. बघतो म्हणजे करत नाही, हा अर्थ हिला पहिल्या वर्षातच कळला होता, तुम्हाला अजून कळला नाही. शेवटी मागच्या शनिवारी तुम्ही फोन करून सांगितलंत, की उद्या मूळ मांडणी नसेल तर मी खेळणार नाही. म्हणून मी दुपारी टीव्ही लावला आणि त्या सेटिंगच्या पानावर गेलो. बदलायला नाही. मूळ मांडणी दिसते कशी, एवढंच बघायला. माझ्या नोकरीत काहीही बदलण्याआधी आधीचं बघून ठेवायचं अशी पद्धत होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ही ज्या जुन्या मशीनवर शिकली (ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाच्या कपाटावर धूळ खात पडलेलं), त्यात उजवीकडचं बटण म्हणजे "हो" आणि खालचं म्हणजे "नाही". नव्या मशीनमध्ये बरोबर उलट. हिने तेही आपल्या सवयीप्रमाणे फिरवून घेतलं होतं. मला हे पाठ करायला फार त्रास झाला होता. उजवीकडे हो, खाली नाही. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. तर पानाच्या तळाशी लिहिलं होतं, "मूळ मांडणी". मी उजवीकडचं बटण दाबलं, म्हणजे हो, दाखवा. त्याने दाखवली. आणि खाली प्रश्न विचारला, ही मांडणी ठेवायची का? मी म्हटलं नाही, अजिबात नाही, आणि खालचं बटण दाबलं.

अक्का, त्याने ती दाखवतानाच लागू केली होती. म्हणजे प्रश्न विचारेपर्यंत "हो" आणि "नाही" यांनी आपसांत जागा बदलल्या होत्या. मी हिच्या मांडणीत नाही म्हटलं आणि त्याने मूळ मांडणीत हो ऐकलं. पडद्यावर हिरवी खूण आली. एवढंच. आवाज नाही, काही नाही. लिफ्टमध्ये निदान घंटा वाजते. नंतर त्या पानावर मागे जाण्यासाठी मी जे जे दाबलं त्याने आणखी कशाकशाला हो म्हटलं गेलं देव जाणे; भाषासुद्धा बदलली होती, ती परत आणायला संध्याकाळ गेली.

मशीन आणि कंट्रोलर घेऊन मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने ते आपल्या टीव्हीला जोडून बटणं दाबून पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "झालं की हो काका, आता जगासारखं झालं." मी विचारलं, आधीचं परत येईल का. म्हणाला, "आधीचं कोणी कुठे लिहून ठेवलंय का?" नाही. ही कधी काही लिहून ठेवत नसे. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "मग गेलं." सरळ माणूस आहे. इतके दिवस मला भेटायला येणाऱ्यांपैकी कोणीही इतक्या थोडक्यात बोललं नव्हतं.

रविवारी खरं तर मी यायलाच नको होतं. पण चार वाजले, तुमचा फोन आला, तुम्ही विचारलंत, मूळ मांडणी झाली का, मी म्हटलं झाली, तुम्ही म्हणालात, शहाणे आहात. तुमची बाई कड्याच्या टोकाशी कंदील धरून, पाठ करून उभी. माझा अंगठा रोजच्या सवयीने हात दाखवायच्या बटणावर गेला. त्यापुढचं सांगायला नको. मी घाबरलो. तुमची बाई दरीतून परत वर आली, पुन्हा तिथेच उभी राहिली (तिथून हलायचं तुम्हाला सुचलं नाही, हीही गोष्ट नोंदवून ठेवतो), आणि मला वाटलं, निदान खूण करून माफी मागावी. खूण करायचं बटण मला एकच माहीत आहे. तुमच्या कंदिलाबरोबर तुम्ही खेळात वाटेवर वेचून जमवलेली सगळी पिसंही दरीत गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण अक्का, मूळ मांडणी तुम्हाला हवी होती. मूळ मांडणीत हाताशी हेच असतं.

तुम्ही फोन आपटल्यावर मी थोडा वेळ एकटाच खेळून पाहिलं. तिने वाटेतली दोन मडकी फोडली. एका कुंपणाला लाथ मारली. उडी मारताना जिकडे तोंड तिकडे गेली आणि पडली. बाई तीच, टोपी तीच, पिशवी तीच. पण तिला मी ओळखलं नाही. मी टीव्ही बंद केला.

या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. हिची मांडणी परत बसवतो आहे. कुठलं काम कुठे होतं ते डोक्यात आठवत नाही, बोटांना आठवतं, हे माझ्या लक्षात आलं. म्हणून टीव्ही बंद ठेवून खुर्चीत बसतो, कंट्रोलर हातात धरतो, डोळे मिटतो आणि मनाशी म्हणतो, उडी. जे बोट हलेल तिथे उडी. मग म्हणतो, पिशवी. विचार करायला लागलो की चुकतं. ऑफिसातला माझा जुना सहकारी परवा भेटायला आला, दार उघडंच होतं, आणि त्याने मला बंद टीव्हीसमोर डोळे मिटून, "नदी आली, नदी आली" असं पुटपुटताना पाहिलं. मी त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला, आणि तेव्हापासून रोज फोन करून काही लागलं तर सांग म्हणतो. काल त्याने बायकोलाही पाठवलं. तिने माझ्यासमोर कंट्रोलर उचलून फडताळात ठेवला आणि म्हणाली, बाहेर फिरून या थोडं. ती गेल्यावर मी तो परत काढला, तर कोपरा लागून बघायची दांडी थोडी अडकायला लागली आहे. आता उजवीकडे बघितलं की लवकर सोडत नाही. चांगल्या माणसांचा असा त्रास आहे.

तर झालं हे असं. उडी बसली. पिशवी बसली. फटका मधल्या बारीक बटणावर परत गेला. धावणं दांडीवर. हो आणि नाही आपापल्या जागी आले, ते बसवताना मात्र मी प्रत्येक प्रश्न आधी कागदावर सोडवला. हात दाखवणंही जिथल्या तिथे आहे. पण खरं सांगायचं तर मी दमलो आहे. या वयात मला हे झेपण्यासारखं नाही, मला मुळात खेळांची आवड नाही, आणि शेजारच्या खुर्चीतला पेपर गेले कित्येक रविवार वाचायचा राहतो आहे. तुमचा खेळ बंद करण्याचा निर्णय योग्यच आहे, तो मला मान्य आहे. हिची वस्तू तुमच्याकडेच असावी असं तुम्ही पूर्वी एकदा म्हणाला होतात. कंट्रोलर नीट गुंडाळून पार्सलने पाठवून देतो. साडूभाऊंना नमस्कार सांगा आणि यापुढे खोटं बोलायला सांगत जाऊ नका, त्यांना जमत नाही. गुडघ्याला जपा. राग सोडा, असा आग्रह नाही, पण सोडलात तर बरं वाटेल.

तुमच्या धाकटीचा नवरा.

ता. क. कंट्रोलर पार्सल करतो असं वर लिहिलं आहे, ते इतक्यात धरू नका. डबा मिळालेला नाही. फार शोधलेलाही नाही.

ता. क. २. एक विचारायचं होतं, ते वर कुठे बसलं नाही. मागच्या बाजूला उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली एक बटण येतं. कंट्रोलर पालथा ठेवला आहे म्हणून आज ते दिसलं. सगळ्या बटणांवर खरबरीतपणा आहे, त्याच्यावर नाही. गुळगुळीत होऊन चकाकतंय. म्हणजे हिने सर्वांत जास्त तेच दाबलं असणार. मी इतके दिवस हिच्या मांडणीने खेळलो, पण ते बटण मी एकदाही दाबलं नाही, त्यामुळे माझ्या बोटाला काही सांगता येत नाही. सेटिंगच्या पानावरच्या यादीत दोनच कामं बिनजागेची उरली आहेत, एक बसणं आणि एक हाक मारणं. ही काय करायची ते तुमच्या टीव्हीवर दिसत असेल. मी पेपर वाचत होतो.

ता. क. ३. पत्र पाकिटात घातलं होतं, परत काढलं. माझा अंदाज हाक मारणं असा आहे. ही एका जागी बसणाऱ्यांतली नव्हती, आणि तुम्ही कंदील घेऊन नेहमी वळणाच्या पलीकडे. त्या बटणावर हाक बसवून मी आत्ता एकट्याने दाबून पाहिली. बाई तोंडाशी हात नेते, आवाज येतो, पुढे काही होत नाही. समोर दुसरं माणूस असल्याशिवाय ते बटण बरोबर आहे की नाही हे तपासायची सोय त्या खेळात नाही. तेव्हा खेळ बंद करण्याचा निर्णय मान्य आहे, पण एका रविवारपुरता पुढे ढकला. चार वाजता मी मागून हाक मारीन. ओळखीची वाटली तर थांबा. नाही वाटली तर तसं सांगा, मी बसणं लावून पाहतो.